सीमेपलीकडचा पाठपुरावा आणि त्याचे मोजमाप : ग्रामीण मुलींच्या शिक्षणाच्या चळवळीची पार्श्वभूमी

ग्रामीण मुलींच्या शिक्षणासाठी दोन किंवा अधिक देशांत एकाच वेळी धोरणविषयक पाठपुरावा करणारा प्रकल्प संपत आला की त्याचे मूल्यमापन करणाऱ्यांपुढे एक प्रश्न हमखास येतो : धोरणात जो बदल झाला तो या प्रकल्पामुळे झाला का? प्रश्न साधा वाटतो, पण तो ज्या भाषेत विचारला जातो ती भाषा मुळात शाळा बांधणाऱ्या आणि शिष्यवृत्त्या वाटणाऱ्या प्रकल्पांसाठी घडली. मंत्र्यांचे, न्यायालयांचे आणि अर्थखात्यांचे मन वळवू पाहणाऱ्या कामाला ती बरीच उशिरा आणि काहीशी ओढूनताणून लावली गेली. हे कसे झाले ते कळण्यासाठी दोन इतिहास एकत्र वाचावे लागतात. पहिला मुलींच्या शिक्षणाविषयी राष्ट्रांनी एकमेकांना दिलेल्या वचनांचा, आणि दुसरा मूल्यमापनाच्या साधनांचा.

वचनांचा इतिहास १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सव्विसाव्या कलमापासून सांगण्याची प्रथा आहे. १९६० मध्ये युनेस्कोने शिक्षणातील भेदभावाविरुद्धचा करार स्वीकारला. ग्रामीण मुलींच्या दृष्टीने मात्र अधिक महत्त्वाचा ठरला तो १९७९ चा स्त्रियांविरुद्धचा सर्व प्रकारचा भेदभाव नष्ट करण्याचा करार. त्याचे दहावे कलम शिक्षणाविषयी आहे आणि त्यात मुलींची शाळेतून होणारी गळती कमी करण्याची जबाबदारी स्पष्टपणे राज्यसंस्थेवर टाकलेली आहे. चौदावे कलम तर केवळ ग्रामीण स्त्रियांसाठी लिहिले गेले. सीमेपलीकडून पाठपुरावा करणाऱ्या संस्थांना परक्या देशाच्या सरकारशी बोलण्याचा जो काही अधिकार मिळतो, तो या करारांवर त्या सरकारने केलेल्या सहीतून मिळतो. सही नसती तर अशा बोलण्याला लुडबुड म्हणता आले असते. सही असूनही तसे म्हटले जातेच.

मार्च १९९० मध्ये थायलंडमधील जोमतिएन येथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ या विषयावर जागतिक परिषद भरली आणि तिच्या जाहीरनाम्याने मुली व स्त्रिया यांच्या शिक्षणाला सर्वांत निकडीचे काम म्हटले. १९९२ मध्ये आफ्रिकेतील पाच महिला शिक्षणमंत्र्यांच्या पुढाकाराने आफ्रिकी महिला शिक्षणतज्ज्ञांचा मंच उभा राहिला आणि त्याचे कार्यालय नैरोबीत आले. हा प्रयोग आजही विचार करण्यासारखा आहे, कारण येथे पाठपुरावा करणारे लोक सरकारच्या दाराबाहेर उभे नव्हते, ते मंत्रिमंडळातच बसले होते. त्याच वर्षी जागतिक बँकेचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांनी मुलींच्या शिक्षणावरील खर्च ही विकसनशील देशांतील बहुधा सर्वाधिक परतावा देणारी गुंतवणूक असल्याची मांडणी केली. अर्थखात्यांना पटण्याजोगा युक्तिवाद त्यामुळे हाती आला, पण हक्काच्या गोष्टीला परताव्याची मोजपट्टीही तेथूनच चिकटली.

एप्रिल २००० मध्ये सेनेगलमधील डाकार येथे जागतिक शिक्षण मंचाची बैठक झाली. प्राथमिक व माध्यमिक शिक्षणातील मुले-मुली यांच्यातील तफावत २००५ पर्यंत संपवायची आणि २०१५ पर्यंत समानता गाठायची, असे ध्येय तेथे ठरले. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मुलींच्या शिक्षणासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा उपक्रमही तेथेच सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी, १९९९ मध्ये, ऑक्सफॅम व ॲक्शनएड या मदतसंस्था, एज्युकेशन इंटरनॅशनल ही शिक्षक संघटनांची जागतिक संघटना आणि बालमजुरीविरुद्धची जागतिक पदयात्रा यांनी मिळून ‘ग्लोबल कॅम्पेन फॉर एज्युकेशन’ ही आघाडी उभी केली होती. तफावत संपवण्याचे ध्येय संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांतही आले आणि २००५ ची मुदत अनेक देशांनी हुकवली. मुदत हुकली यापेक्षा तफावत कशाने मोजली जात होती हे या टिपणाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे.

मोजण्याचे साधन होते लिंगसमता निर्देशांक, म्हणजे मुलींच्या पटनोंदणीच्या दराला मुलांच्या दराने भागून येणारा आकडा. तो ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान आला की समता साधली असे धरतात. मुले आणि मुली दोघेही सारख्याच प्रमाणात शाळेबाहेर असतील तरी हा आकडा १ येतो. शहरात मुलींचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आणि खेड्यात कमी असेल तर राष्ट्रीय सरासरीत एकाने दुसरे झाकले जाते. ग्रामीण मुलगी अशा रीतीने ध्येयाच्या मजकुरात होती आणि मोजपट्टीत नव्हती. राष्ट्रीय सरासरीवर समाधान मानणाऱ्या प्रकल्प-अहवालांत हा दोष आजही जसाच्या तसा उतरलेला दिसतो, आणि माझ्या मते तो नजरचुकीपेक्षा सोयीचा भाग अधिक आहे.

दुसरा इतिहास साधनांचा. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेसाठी ‘लॉगफ्रेम’ नावाची चौकट तयार झाली. निविष्टी (लावलेला पैसा व श्रम), उत्पादने (त्यातून थेट हाती येणाऱ्या गोष्टी), हेतू आणि ध्येय एकाखाली एक लिहायचे, प्रत्येकासमोर निर्देशक, पडताळणीचे साधन आणि गृहीतके मांडायची, अशी तिची रचना होती. १९९१ मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने मूल्यमापनाची तत्त्वे मान्य केली आणि समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव व शाश्वतता हे पाच निकष रूढ झाले. २०१९ मध्ये सुसंगतता हा सहावा निकष जोडला गेला. धरणाला किंवा लसीकरणाला ही चौकट बरी बसते. पाठपुराव्यात मात्र चौकटीतील ‘गृहीतके’ हा रकानाच सारी लढाई खाऊन टाकतो : निवडणूक कोण जिंकेल, शिक्षणमंत्री कधी बदलेल, वृत्तपत्रे कोणाची बाजू घेतील.

सरकारी निधी पाठपुराव्यासाठी वापरला जाऊ लागला तेव्हा ही अडचण टाळता येईना. ब्रिटिश सरकारच्या पैशातून २००२ मध्ये राष्ट्रकुल शिक्षण निधी सुरू झाला. ॲक्शनएड, ऑक्सफॅम आणि सेव्ह द चिल्ड्रन या संस्था तो चालवत आणि राष्ट्रकुलातील देशांत शिक्षणविषयक आघाड्यांना बळ देणे हे त्याचे काम होते. पुढे २००९ पासून नागरी समाज शिक्षण निधी आणि २०१९ मध्ये ‘एज्युकेशन आउट लाउड’ हा निधी आला. दुसऱ्या देशातील करदात्यांचा पैसा एखाद्या सरकारवर दबाव आणण्यासाठी वापरायचा, तर त्याचा हिशेब देणे ओघाने आलेच. मात्र हिशेब मागणारा देणगीदार एका देशात, दबाव सोसणारे सरकार दुसऱ्या देशात, आणि जिच्या नावाने हे चालले ती मुलगी तिसऱ्याच कुठल्या तरी वाडीत, असा हा तिढा आहे.

श्रेय कोणाचे, या वादाचे युगांडातील उदाहरण मूल्यमापनाच्या वर्तुळात वारंवार सांगितले जाते. १९९६ मध्ये २५० सरकारी प्राथमिक शाळांची पाहणी करून सरकारी खर्चाचा माग काढला गेला. केंद्र सरकारने शाळांसाठी दिलेल्या दरडोई अनुदानापैकी १९९१ ते १९९५ या काळात सरासरी अवघे १३ टक्के शाळांपर्यंत पोहोचले होते. त्यानंतर सरकारने जिल्ह्यांना दिलेल्या रकमा वृत्तपत्रांतून छापायला सुरुवात केली आणि २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेले. माहिती जाहीर केली की पैशाची गळती थांबते, असा निष्कर्ष जगभर पसरला आणि अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या कित्येक प्रकल्पांनी त्याचा आधार घेतला. २००७ मध्ये मात्र या निष्कर्षाची फेरतपासणी झाली. त्याच काळात युगांडात वित्तीय सुधारणा चालू होत्या, देणगीदारांचे लक्ष या अनुदानावर केंद्रित झाले होते आणि १९९७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत झाले होते. सगळे श्रेय वृत्तपत्रांच्या पदरात टाकता येणार नाही, असे त्या तपासणीने दाखवले. वृत्तपत्रांचा वाटा त्यामुळे पुसला गेला नाही. तो इतरांच्या वाट्याशेजारी ठेवून पाहावा लागला, इतकेच.

याच सुमारास साधनेही बदलत होती. ‘कारण कोण’ हा प्रश्न सोडून ‘कोणाचा किती आणि कोणत्या प्रकारचा हातभार’ असा प्रश्न विचारणारे योगदान-विश्लेषण कॅनडातील मूल्यमापनतज्ज्ञ जॉन मेन यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. कॅनडाच्याच आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राने २००१ मध्ये ‘आउटकम मॅपिंग’ पुढे आणले. प्रकल्पाचा ज्यांच्याशी थेट संबंध येतो त्या लोकांचे आणि संस्थांचे वागणे बदलले का, एवढेच त्यात पाहायचे असते. रिक डेव्हिस यांनी नव्वदच्या दशकात बांगलादेशात विकसित केलेल्या पद्धतीत तर निर्देशक आधी ठरवतच नाहीत. लोकांनी सांगितलेल्या बदलांच्या कहाण्यांतून सर्वांत महत्त्वाची कोणती ते एकत्र बसून निवडतात. राज्यशास्त्रातून ‘प्रक्रियेचा माग’ घेण्याची रीत आली : दस्तऐवज तारखांनुसार लावायचे, पर्यायी स्पष्टीकरणे मांडायची आणि कोणते पुराव्यापुढे टिकते ते तपासायचे. एखाद्या सावध पोलीस तपासासारखे हे काम आहे, आणि ते घाईत होत नाही.

या सगळ्याची कसोटी पाहणारा प्रसंग सिएरा लिओनचा. २०१४ च्या इबोला साथीत तेथील शाळा कित्येक महिने बंद राहिल्या आणि त्या काळात अनेक किशोरवयीन मुली गरोदर राहिल्या. एप्रिल २०१५ मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सरकारने गरोदर दिसणाऱ्या मुलींना शाळेत येण्यास आणि परीक्षेला बसण्यास मनाई केली. त्यांच्यासाठी वेगळी केंद्रे निघाली, पण ती आठवड्यातून तीनच दिवस चालत आणि तेथे मोजकेच विषय शिकवले जात. देशांतर्गत महिला संघटनेने ‘इक्वॅलिटी नाऊ’ ही स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आणि गांबियातील मानवी हक्क संस्थेच्या साथीने २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायाच्या न्यायालयात दावा दाखल केला. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यात हस्तक्षेप केला. १२ डिसेंबर २०१९ रोजी न्यायालयाने बंदी भेदभावाची ठरवून ती उठवण्याचा आदेश दिला आणि वेगळ्या केंद्रांवरही ताशेरे ओढले. ३० मार्च २०२० रोजी सरकारने बंदी मागे घेतली.

तारखा अशा ओळीने मांडल्या की निकालामुळे बंदी उठली असे वाटते, आणि ते चूकही नाही. पण त्याच काळात आणखी काय चालले होते? २०१८ मध्ये सत्तांतर झाले होते, नव्या राष्ट्राध्यक्षांनी मोफत शालेय शिक्षणाची योजना आणली होती, २०१९ च्या अखेरीस शिक्षणमंत्री बदलले होते, आणि करोनाच्या साथीमुळे शाळा पुन्हा बंद होणार हे मार्च २०२० मध्ये दिसत होते, म्हणजे इबोलाच्या काळाची पुनरावृत्ती समोर उभी होती. ज्या संस्थेने दावा लढवला, जिने गावोगाव पालकांशी बोलणी केली आणि जिने नव्या मंत्र्यांसमोर मसुदा ठेवला, त्या तिघींनी आपापल्या अहवालात ‘बंदी उठवली’ असे लिहिले तर बंदी एकदा उठली आणि यश तीनदा मोजले गेले. सीमेपलीकडच्या आघाड्यांत ही दुबार-तिबार मोजणी टाळण्याचा एकच मार्ग आहे : आघाडीचे मूल्यमापन एकत्र करायचे. देणगीदार वेगवेगळे असले की नेमके तेच होत नाही.

टांझानियाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. जून २०१७ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी गरोदर राहिलेल्या मुलीला पुन्हा शाळेत घेतले जाणार नाही असे जाहीर केले, आणि त्याविरुद्ध बोलणाऱ्या संस्थांची नोंदणी रद्द करण्याचा इशारा गृहमंत्र्यांनी दिला. परदेशी व्यासपीठावर आवाज उठवला की त्याची किंमत देशातल्या संस्थेला मोजावी लागते, हे मूल्यमापनात क्वचितच येते. ‘अनपेक्षित परिणाम’ या शीर्षकाखाली दोन ओळींत ते उरकले जाते. २०१८ मध्ये जागतिक बँकेने ३० कोटी डॉलरचे शिक्षणकर्ज थांबवले. मार्च २०२० मध्ये कार्यकर्त्यांचा विरोध असतानाही ५० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. मार्च २०२१ मध्ये मागुफुलींचे निधन झाले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या सामिया सुलुहू हसन यांच्या सरकारने मुलींना परत शाळेत येण्याची मुभा दिली. २०१८ मध्ये सुरू होऊन २०२० मध्ये संपलेला एखादा प्रकल्प या घडामोडीत अपयशी ठरला असता. तेच काम करणारा, पण वर्षभर उशिरा संपलेला प्रकल्प यशस्वी.

या प्रकरणात आफ्रिकी संघाच्या बालहक्क तज्ज्ञ समितीकडे २०१९ मध्येच तक्रार गेली होती. तिचा निर्णय २०२२ मध्ये आला, म्हणजे मुभा मिळाल्यानंतर. धोरणबदलाच्या रकान्यात नोव्हेंबर २०२१ ची खूण आधीच पडलेली असल्याने निर्णयाला उशीर झाला असे कोणी म्हणेल. परंतु समितीने शाळांमधील सक्तीच्या गर्भधारणा-तपासण्या तात्काळ बंद करण्यास आणि विवाह हे शाळेतून काढून टाकण्याचे कारण म्हणून नियमांतून वगळण्यास सांगितले. राजधानीतून निघालेल्या परवानगीच्या कागदाने आपोआप न सुटणारे हे प्रश्न होते. लग्न झाले म्हणून शाळा सुटलेली खेड्यातली मुलगी आधीच्या खुणेत मोजली गेली होती की नाही, हे त्या निर्णयाच्या यादीमुळे निदान विचारता तरी येऊ लागले.