वारा पडला की बाण सोडायचा

दिवाळीच्या बाणाला काडी कशाला असते? देवगडजवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, पोरांना घेऊन रॉकेट उडवायचा आमचा जो उद्योग रविवारी सकाळी चालतो, तो या प्रश्नापासून सुरू झाला. काडी मोडलेला बाण कुणाच्या पडवीत घुसेल याचा नेम नसतो, हे पोरांनी पाहिलेलं होतं. का, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

रॉकेट उडताना जरा तिरकं झालं की हवा त्याच्या अंगावर बाजूने आदळते. हा धक्का शेपटीकडे जास्त बसला, तर शेपूट मागे ढकललं जातं आणि नाक पुन्हा वाटेवर येतं. नाकाकडे जास्त बसला, तर रॉकेट कोलांट्या खातं. म्हणून वजनाचा तोल पुढे हवा आणि हवेचा जोर मागे. काडी काय, पंख काय, काम हेच. या दोन बिंदूंमध्ये निदान रॉकेटच्या जाडीइतकं अंतर ठेवावं, असा मॉडेल रॉकेटवाल्यांचा जुना आडाखा आहे. तपासायचं कसं? जिथे तोल साधतो तिथे सुतळी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास.

अमेरिकेत १९५७ च्या सुमारास ऑर्व्हिल कार्लाइल आणि हॅरी स्टाइन यांनी या छंदाला वळण लावलं. पोरांनी घरी स्फोटकं कालवून हात भाजून घेऊ नयेत, म्हणून तयार मोटर, म्हणजे आधीच दारू भरलेली नळी, वापरायची. या मोटरींचे वर्ग अक्षरांनी ओळखतात: ‘ए’ची ताकद जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद (रेटा किती आणि तो किती वेळ टिकला, यांचा गुणाकार), पुढे प्रत्येक अक्षराला दुप्पट.

आम्ही दारूच्या वाटेला गेलोच नाही. स्फोटकांचे कायदे आहेतच, पण खरं कारण वेगळं. पाऊस सरला की सड्यावरचं गवत वाळून करड होतं आणि खाली उताराला हापूसची कलमं. एक ठिणगी पडली तर वणवा आणि जन्माचं वैर. त्यामुळे आमचं रॉकेट पाण्यावर चालतं. जागा ठरवतानाही आधी आसपास कातळशिल्पं नाहीत ना, हे बघून घेतलं.

बाटली कोल्ड्रिंकचीच लागते, २ लिटरची. ती गॅसचा दाब सोसायलाच बनवलेली असते, साध्या पाण्याच्या पातळ बाटलीत तो दम नाही. तिसरा हिस्सा पाणी भरायचं, बुचात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा आणि सायकलच्या पंपाने ६० पौंड दाबाची हवा मारायची. पोरं विचारतात, पाणी कशाला, नुसती हवा का नको? करून बघितलं. फुस्स झालं. मागे जे फेकायचं ते वजनदार असेल, तरच पुढचा रेटा जोरदार. ६० पौंडांवर पाणी बाटलीच्या तोंडातून ताशी साधारण १०० किलोमीटर वेगाने सुटतं. सुरुवातीचा रेटा ३० किलोचं पोतं उचलण्याइतका असतो आणि पापणी लवते न लवते तोच, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात, सगळं पाणी खलास. हिशेब मांडला तर ताकद १५-१६ न्यूटन-सेकंदांच्या घरात येते. म्हणजे भंगारातली बाटली ‘डी’ वर्गात बसली! आमच्यातला गॅरेजवाला दोस्त त्या दिवसापासून जरा ताठ चालतो.

नवी बाटली आधी काठोकाठ पाण्याने भरून दाबाला लावतो. पाणी फारसं दबत नाही, म्हणून त्यात ताकद साठत नाही, बाटली फुटलीच तर माणूस नुसता भिजतो. हवेने भरलेली फुटली तर ते प्रकरण निराळं. बाटली सोडायचा चाप ओढायची दोरी म्हणूनच १० मीटर लांब.

एवढं जमलं तरी खरा मास्तर वाराच. देवगडला पवनचक्क्या उगाच नाही उभारल्या. पहिल्या महिन्यात आम्ही आरामात चहा-नाश्ता करून अकराला सड्यावर पोचायचो. तोवर जमीन तापलेली, समुद्राकडून येणारा खारा वारा सुरू. ४५ मीटरवर उघडलेली प्लास्टिक पिशवीची छत्री सेकंदाला ३ मीटरने उतरते, म्हणजे १५ सेकंद हवेत. वारा सेकंदाला ५ मीटरचा असला तर बाटली ७५ मीटर लांब, थेट कलमांत. एका मुलाने यावर उपाय म्हणून भलेमोठे पंख लावले. रॉकेटने सुटल्या सुटल्या समुद्राकडे तोंड केलं आणि आडवंच गेलं.

खालच्या वाडीतले एक तांडेल (होडीचे म्होरके) काका गंमत बघायला आले होते. म्हणाले, “नांगरलेली होडी बग. वाऱ्याकडे तोंड करून रव्हता ती.” अगदी तेच. होडी नांगराच्या दोरीभोवती फिरते, रॉकेट आपल्या तोलाच्या बिंदूभोवती. शेपटीला वारा लागायला जितकी जास्त जागा, तितकं ते वाऱ्याकडे लवकर वळतं. पंख कमी असले तर कोलांट्या, जास्त झाले तर ही तऱ्हा.

वेळही काकांनीच सांगितली. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारी मतलय सूर्य वर आल्यावर ढिली पडते आणि खारा वारा धरायला अजून अवकाश असतो. मधल्या त्या वेळात दोरीला टांगलेली फीतसुद्धा हलत नाही. आता साडेआठला पंप तयार असतो.

उंची मोजायला कोनमापक, दोरा आणि एक नट पुरतो. ५० मीटरवर उभं राहून ४५ अंशांचा कोन दिसला, तर उंची ५० मीटर, अधिक आपल्या डोळ्यांची उंची.

एकीने विचारलं, इथून उपग्रह का सोडत नाहीत, समुद्र तर आहे! समुद्र आहे, पण चुकीच्या बाजूला. पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा हवा तर पूर्वेकडे सोडावं लागतं आणि आपल्या पूर्वेला सह्याद्री, मग घाटावरची गावं. श्रीहरिकोट्याला पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. केरळातलं थुंबा आपल्यासारखंच पश्चिम किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव, तिथून २१ नोव्हेंबर १९६३ ला नाइके-अपाचे उडालं, पण ते वरच्या हवेचा अभ्यास करून खाली येणारं रॉकेट होतं. त्याला कक्षा गाठायची नव्हती, आणि चुंबकीय विषुववृत्त थुंब्याजवळून जातं म्हणून ती जागा निवडली होती.

मृगाच्या आधी सगळा सरंजाम माळ्यावर गेला. खाऱ्या हवेत पंपाची दांडी गंजते, म्हणून तिला खोबरेल तेल चोपडून ठेवलंय. दोन बाटल्या अजून कलमांत आहेत, एक तर शेंड्यालाच.