‘सन्मानपूर्वक निर्दोष’: चारित्र्य पडताळणीतील एका शब्दाची पार्श्वभूमी

निवड यादीत नाव लागलेल्या उमेदवारासमोर नियुक्तीपूर्वी साक्षांकन नमुना येतो. कधी अटक झाली होती का, खटला चालला होता का, शिक्षा झाली का, एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, हे त्यातील काही रकाने विचारतात आणि माहिती खोटी किंवा दडवलेली आढळल्यास सेवा समाप्त होऊ शकते, असा इशाराही तेथेच छापलेला असतो. शिक्षा झालेल्यांची अडचण सर्वांना ठाऊक आहे. मात्र न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या माणसालाही हा नमुना भरताना हात का आखडावा लागतो, हे समजून घ्यायचे तर गेल्या तीन दशकांतील निकाल पाहावे लागतात.

माणसाची नोंद ठेवून त्यावरून त्याची लायकी ठरवण्याची पद्धत वसाहतकाळातली आहे. 1871च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. 1897 मध्ये कोलकात्यात बोटांच्या ठशांचा विभाग उभा राहिला. स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे ‘पूर्वचारित्र्य’ या शब्दाचा रोख गुन्ह्यापेक्षा राजकीय मतांकडे असे. एका शिक्षकाने काही राजकीय संघटनांच्या कार्यक्रमांत भाग घेतल्याचा पोलीस अहवाल आला, म्हणून त्याला सेवेतून काढण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये ती कारवाई घटनाबाह्य ठरवली.

गुन्ह्याच्या नोंदीचा प्रश्न खऱ्या अर्थाने 1996 मध्ये पुढे आला. पोलीस शिपाई पदासाठी निवडलेला एक उमेदवार फौजदारी खटल्यातून सुटलेला होता, तरी त्याला नियुक्ती नाकारण्यात आली. खटल्याचा निकाल काय लागला यापेक्षा उमेदवाराचे वर्तन आणि चारित्र्य महत्त्वाचे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. निकाल आणि वर्तन यांची ही फारकत पुढच्या सगळ्या गुंत्याच्या मुळाशी आहे. 2003 मध्ये एका शारीरिक शिक्षण शिक्षकाचे प्रकरण आले. नमुना इंग्रजीत असल्याने प्रलंबित खटल्याविषयीचा रकाना आपल्याला नीट कळला नाही, असे त्याचे म्हणणे होते. बी.ए., बी.एड., एम.एड. झालेल्या व्यक्तीने असे म्हणणे पटण्यासारखे नाही, असे ठरवून त्याची सेवासमाप्ती योग्य मानली गेली. खटला चालणे आणि शिक्षा होणे यांतला फरक रोजच्या बोलण्यात किती सहज पुसला जातो, याचा विचार त्या निकालात व्हायला हवा होता, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

2011 मध्ये वारे फिरले. मारहाणीच्या खटल्यात तडजोड होऊन सुटलेल्या आणि ती गोष्ट दिल्ली पोलीस भरतीच्या अर्जात न लिहिलेल्या तरुणाला न्यायालयाने दिलासा दिला. तरुण वयातील किरकोळ चुकांसाठी एखाद्यावर आयुष्यभर गुन्हेगाराचा शिक्का मारू नये, असा त्या निकालाचा आशय होता. पण अवघ्या दोन वर्षांनी, 2013 मध्ये, त्याच शहराच्या पोलीस भरतीतील ज्या उमेदवारांनी आपली प्रकरणे लपवली नव्हती, त्यांनाच नकार मिळाला. त्यांच्याही बाबतीत तडजोड झाली होती, साक्षीदार फितूर झाले होते आणि खटला निर्दोष मुक्ततेत संपला होता. मात्र ही मुक्तता ‘सन्मानपूर्वक’ नाही, असे म्हटले गेले. लपवणाऱ्याला नोकरी आणि सांगणाऱ्याला नकार, अशी ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की उमेदवारांच्या मनातील गोंधळ कळतो.

हा ‘सन्मानपूर्वक’ शब्द जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हता आणि दंड संहितेतही नव्हता. 1930च्या दशकातच कोलकात्याच्या उच्च न्यायालयाने म्हटले होते की, ही संज्ञा न्यायालयांना अपरिचित असून ती लष्करी न्यायालयांच्या आदेशांतून आलेली दिसते. पुढे निलंबनकाळातील वेतन द्यायचे की नाही, हे ठरवणाऱ्या सेवानियमांत ती रुळली आणि तिथून भरतीच्या प्रकरणांत शिरली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले की ही संज्ञा न्यायनिर्णयांनीच घडवली आहे आणि तिची नेमकी व्याख्या करणे कठीण आहे. तरीही एक कसोटी दिली गेली: सरकारपक्षाच्या पुराव्याचा पूर्ण विचार होऊन आरोप सिद्ध करण्यात तो सपशेल अपयशी ठरला असेल, तर मुक्तता सन्मानपूर्वक म्हणता येईल.

वाचायला ही कसोटी वाजवी वाटते, पण निकालपत्राचे शेवटचे पान पाहिले की तिची मर्यादा कळते. तेथे ‘आरोप संशयातीत सिद्ध होत नाहीत’ किंवा ‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता करण्यात येते’ अशी ठरीव वाक्ये असतात. आरोपीने आपले निरपराधित्व सिद्ध करावे अशी अपेक्षाच फौजदारी खटल्यात नसते, त्यामुळे त्याच्या सन्मानाविषयी मत देण्याचा प्रसंग न्यायाधीशावर येत नाही. कायद्यानुसार तडजोडीचा परिणामही निर्दोष मुक्तताच असतो. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झाले, दोघांवर गुन्हा दाखल झाला आणि गावातल्या जाणत्यांनी ते मिटवले, तर खटला संपतो. पडताळणी समितीच्या टेबलावर मात्र तोच समेट उमेदवाराविरुद्धचा मुद्दा होऊ शकतो. शस्त्र हाती देताना पोलीस दलाने अधिक काटेकोर असावे, हे मान्यच आहे. पण तीच मोजपट्टी लिपिकाला आणि शिक्षकाला लावायची का, हा प्रश्न वेगळा आहे.

परस्परविरोधी निकालांमुळे विषय मोठ्या पीठाकडे गेला आणि जुलै 2016 मध्ये तीन न्यायाधीशांनी 11 निष्कर्ष सांगितले. तरुणपणी घोषणा देण्यासारखे किरकोळ प्रकरण दडवले असेल तर नियोक्ता ते माफ करू शकतो. जे नेमकेपणाने विचारले आहे तेच सांगणे बंधनकारक आहे. गंभीर गुन्ह्यातील मुक्तता तांत्रिक कारणाने झाली असेल तर पूर्वचारित्र्याचा विचार करता येईल. आणि खरे सांगितले तरी नियुक्ती देण्याची सक्ती नियोक्त्यावर नाही. यातील शेवटच्या मुद्द्याने प्रामाणिक उमेदवाराची भीती कायम ठेवली. सरसकट एकच साचा लावू नये, हे न्यायालयाला 2024 मध्ये पुन्हा सांगावे लागले.

दरम्यान नोंद शोधणे फार सोपे झाले. न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला सापडतो, आणि खासगी कंपन्यांसाठी पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था तेथेच पाहतात. नामसाधर्म्यामुळे भलत्याच माणसाचा खटला चिकटण्याचा धोका त्यात आहे. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन, बालकांच्या बाबतीत 2015चा कायदा काही अपवाद वगळता नोंद नष्ट करण्यास सांगतो. 2022च्या फौजदारी ओळख कायद्याने बोटांच्या ठशांसारखी मोजमापे 75 वर्षे जपण्याची मुभा दिली. पूर्वी शिक्षा न झालेला आरोपी सुटल्यास ती नष्ट करण्याची तरतूदही त्यात आहे. प्रौढाच्या खटल्याची न्यायालयीन नोंद मात्र त्या तरतुदीबाहेर राहते.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यातही ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द आलेला नाही. मुक्ततेविरुद्ध अपिलाची वाट शासन, फिर्यादी आणि पीडित यांच्यासाठी आहे. सुटलेल्या आरोपीला मात्र केवळ निकालातील शब्दयोजनेविरुद्ध अपील करण्याची तरतूद नाही.