संगीत शिक्षकाचे पदवीशिक्षण (ग्रामीण विदर्भ)

शाळेत संगीत शिकवण्याची पात्रता मिळावी म्हणून विदर्भाच्या ग्रामीण भागातील विद्यार्थी घेतात ते विद्यापीठीय शिक्षण. त्यात सहसा तीन धागे एकत्र येतात : संगीत हा विषय घेऊन केलेली कला शाखेची पदवी, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद पूर्ण या सात परीक्षा आणि बी. एड. हे तीन धागे तीन वेगळ्या यंत्रणांच्या हाती आहेत; त्यांची गाठ विद्यार्थ्यालाच मारावी लागते.

शाळेसाठी संगीत शिक्षक घडवण्याचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. एक मत तो पुण्याच्या गायन समाजापर्यंत (१८७४) मागे नेते. दुसरे मत सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ च्या सुमारास बडोद्यात चालवलेल्या गायनशाळेला अग्रमान देते. तेथे स्वरलेखन आणि वर्गवार पाठ होते. तिसरे मत विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालयाचे. पदवीचा इतिहास लिहिणारे मात्र बहुधा विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्यापासून सुरुवात करतात : बडोद्याची संगीत परिषद (१९१६), ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय (१९१८), लखनौचे मॅरिस कॉलेज (१९२६). अभ्यासक्रमाचा सांगाडा भातखंडे यांचा, हे मान्य करावे लागते. परंतु बडोद्यात व लखनौत विद्यार्थी गाणे शिकत होता. लाहोरच्या उपदेशक वर्गात तो दुसऱ्याला शिकवण्यासाठी शिकत होता. म्हणून ‘शिक्षक’ या अर्थाने पलुसकरांकडे आरंभ नेणे अधिक सयुक्तिक वाटते.

हा वाद केवळ इतिहासाचा नाही, तो वहीत उतरतो. भातखंडे स्वरलेखनात स्वराच्या डोक्यावर बिंदू असला की तो तार (उंच) सप्तकातला, खाली असला की मंद्र (खालच्या) सप्तकातला. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचा बिंदू मंद्र सप्तकाचा आणि तार सप्तकासाठी उभी रेघ. कोमल (किंचित उतरलेले) स्वर भातखंडे आडव्या अधोरेषेने दाखवतात, पलुसकर पाय मोडल्यासारख्या खुणेने. तालात भातखंडे समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि खालीला (टाळी नसलेल्या जागेला) ० लिहितात. पलुसकरांकडे सम १, खाली +, आणि ० म्हणजे अर्धी मात्रा. मंडळाच्या परीक्षांत दोन्ही पद्धतींची माहिती अपेक्षित असते, तर महाविद्यालयीन अभ्यासात व बाजारातील पुस्तकांत भातखंडे पद्धतीच अधिक आढळते. गावातल्या जुन्या गुरुजींकडून उतरवून घेतलेली वही घेऊन आलेला विद्यार्थी दोन पद्धती नकळत मिसळतो, आणि एकाच बिंदूमुळे स्वर दोन सप्तकांनी खाली-वर जातो. पुढे हीच वही वर्गातल्या चाळीस मुलांसमोर उघडायची असते. म्हणून एकच पद्धत पक्की करून दुसरी फक्त वाचता येईल इतकी ठेवणे इष्ट.

विदर्भात नागपूर (स्थापना १९२३, २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांच्या नावाने), संत गाडगे बाबा अमरावती (१९८३) आणि गडचिरोलीचे गोंडवाना (२०११) अशी तीन पारंपरिक विद्यापीठे आहेत. पूर्व विदर्भाच्या विद्यार्थ्यांना चौथा पर्याय राज्याबाहेर दिसतो : छत्तीसगडमधील खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. गोंदियाहून रेल्वेने डोंगरगढ किंवा राजनांदगाव गाठून पुढे रस्त्याने तेथे जाता येते. ते १४ ऑक्टोबर १९५६ रोजी स्थापन झाले तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशातच होता. अडीच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. सीमा सरकली, पण गायकांची व वादकांची ये-जा तिच्याबरोबर सरकली नाही.

पदवीच्या प्रात्यक्षिकात राग, बडा (विलंबित) व छोटा (द्रुत) ख्याल, ताना, ठाह-दुगुन-चौगुन (मूळ, दुप्पट व चौपट लय) यांची परीक्षा होते. ती एकट्या गळ्याची परीक्षा. शाळेतील काम समूहाचे : परिपाठातील प्रार्थना, राष्ट्रगीत, २०२३ पासूनचे राज्यगीत, स्नेहसंमेलनाची तयारी. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) घडलेला पुरुष शिक्षक स्वतःच्याच पट्टीत प्रार्थना लावतो तेव्हा मुलींना ती फार खाली पडते. काळी चार-पाचला लावली तर आठवी-नववीच्या फुटू लागलेल्या आवाजाच्या मुलांची पंचाईत होते. मुलांना कोणता स्वर द्यावा, आवाज फुटताना गाणे किती घ्यावे, तंबोरा नसलेल्या खोलीत पेटीवर कान कसा तयार करावा, हे पदवीच्या केंद्रस्थानी असायला हवे होते. २०१५ पासून दोन वर्षांच्या झालेल्या बी. एड. मध्येही विद्यार्थी बहुधा मराठी किंवा इतिहासाची अध्यापनपद्धती निवडतो. शिक्षक पात्रता परीक्षेत संगीताचा पेपर नाही.

नोकरीच्या बाजूने पाहता केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक शिक्षक (संगीत) हे स्वतंत्र पद आहे. नवोदय विद्यालयांच्या भरतीत संगीत शिक्षकासाठी मंडळाची विशारद आणि खैरागढची पदवी नावानिशी नमूद झालेली आढळते. योजनेतील पहिल्या दोन शाळांपैकी एक १९८५-८६ मध्ये अमरावती जिल्ह्यात सुरू झाली होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेला कला शिक्षणाचा अंशकालीन निदेशक दिला, पण ‘कला’ या शब्दात चित्रकलाही येते आणि संगीतही.

येथील विद्यार्थ्याचा कान महाविद्यालयात येण्याआधीच तयार असतो. गुरुकुंज मोझरीच्या (तुकडोजी महाराजांच्या आश्रमाच्या) परंपरेतील खंजिरी भजन, हरिपाठाचे टाळ, वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी (पूर्व विदर्भातील) नाटकातील ऑर्गन आणि तबला, दंडार हे लोकनाट्य, पोळ्याच्या झडत्या (सणाला म्हणायची पद्ये), भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणारी भुलाबाईची गाणी. खंजिरीवर ठेका धरणाऱ्या मुलाला केरवा (आठ मात्रांचा ताल) समजावून सांगावा लागत नाही, फक्त त्याच्या मात्रा मोजून दाखवाव्या लागतात. भुलाबाईची गाणी चारपाच स्वरांत फिरतात आणि सगळ्या मुलींना तोंडपाठ असतात. सा रे ग म शिकवायला याहून जवळचे साधन नाही. गडचिरोलीकडील माडिया या आदिवासी समाजाच्या मुलांच्या वर्गात हेच काम त्यांचे रेला हे समूहगीत करू शकते.