पार्श्वभूमी : ‘नंबर गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

पारपटलाचा, म्हणजे आपण बोलताना ज्याला बुबुळ म्हणतो त्याचा, आकार बदलून चष्मा सोडवण्याचे प्रयत्न लेझरच्या आधीपासूनचे आहेत. १९७० च्या दशकात सोव्हिएत संघात पारपटलावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देण्याची शस्त्रक्रिया रूढ झाली. ती करून घेतलेल्या अमेरिकी रुग्णांची १० वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ४३ टक्के डोळ्यांचा नंबर प्लसकडे एक किंवा त्याहून जास्त सरकलेला होता. सुरुवातीच्या महिन्यांतल्या निकालावर विसंबू नये, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

लॅसिक ही लेझरची शस्त्रक्रिया. ते १९९० च्या सुमारास आले आणि दशक संपता संपता त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडे त्याची ओळख ‘नंबर घालवण्याचे ऑपरेशन’ अशीच झाली, आणि खरा घोटाळा या शब्दांतच आहे. मायनस नंबर बहुधा डोळ्याचा गोळा लांबल्यामुळे येतो. लेझर ती लांबी कमी करत नाही, पारपटल चपटे करते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पारपटलाचा वरचा पापुद्रा बिजागरीवर उघडावा तसा बाजूला करून खालचा थर दर नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) झिजवला जातो. चष्मा सुटतो, पण लांबट डोळ्यात मागे असलेला ताणलेला पडदा (रेटिना) तसाच राहतो आणि तो फाटण्याची किंवा सुटण्याची जोखीमही तशीच राहते. ‘नंबर गेला’ एवढेच ऐकलेला माणूस मात्र पडद्याची तपासणी सहज सोडून देतो. पारपटल पातळ झाल्याने डोळ्याचा दाबही मोजताना कमी भरतो, त्यामुळे काचबिंदू उशिरा लक्षात येऊ शकतो.

पारपटल कमकुवत होऊन पुढे फुगत जाणे दुर्मीळ, पण गंभीर. तशा नोंदी १९९८ पासून आहेत. कोरडेपणाची तक्रार कितीतरी अधिक, कारण पापुद्रा करताना तिथले मज्जातंतू कापले जातात. २००८ मध्ये अमेरिकी नियामकांपुढील खुल्या सुनावणीत रुग्णांनी आपले त्रास मांडले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅसिक रुग्णांच्या पाहणीत बहुतेकांनी समाधान सांगितले, पण आधी दृष्टीचा त्रास नसलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांना ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात दिव्यांभोवती वलये दिसण्यासारखे किमान एक लक्षण होते. २०२२ मध्ये याच नियामकांकडून रुग्णांना द्यायच्या इशाऱ्यांचा मसुदा निघाला, तेव्हा तो एकांगी असल्याचा आक्षेप शल्यचिकित्सकांच्या संघटनांनी घेतला.

पहिल्या काळात लॅसिक करून घेतलेली पिढी आता मोतीबिंदूच्या वयात येत आहे. बदललेल्या पारपटलावर, मोतीबिंदू काढून बसवायच्या भिंगाची शक्ती काढण्याची नेहमीची सूत्रे चुकतात आणि ऑपरेशननंतर अनपेक्षित प्लस नंबर उरू शकतो. म्हणून लेझरआधीच्या मोजमापांचा जुना कागद हाताशी असेल तर तो आज उपयोगी पडतो.