ॲरन डोनाल्डच्या पायाखालचं वजन

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू ॲरन डोनाल्ड निवृत्त झाला, तेव्हा भाच्याने मला एक क्लिप पाठवली आणि खाली लिहिलं, "मामा, हा ९९ नंबरचा बघ. ओळीतला सगळ्यात बारका, तरी सगळ्यांना मागे रेटतोय." बारका म्हणजे सहा फूट एक इंच उंच आणि १२७ किलो! पण समोरचे गडी १४० किलोच्या घरातले असतात, आणि बऱ्याचदा त्याच्या एकट्यावर दोघं सोडले जायचे.

डोनाल्ड अमेरिकन फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह टॅकल. समोरच्या धिप्पाड गड्यांची भिंत फोडायची आणि चेंडू हातातून सुटायच्या आत क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्याला, पाडायचं, हे त्याचं काम. असं पाडलं की 'सॅक' मिळतो. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा. २०१४ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत रॅम्स संघाने त्याला तेराव्या क्रमांकावर निवडलं. या जागेसाठी तो बुटका आहे, हा शेरा तेव्हा त्याच्या नावापुढे होताच. पुढच्या दहा हंगामांत त्याने १११ सॅक केले, त्यातले साडेवीस एकट्या २०१८ मध्ये. वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा मान त्याला तीनदा मिळाला.

"जो जास्त जोराने ढकलतो तो जिंकतो," असं सगळेच म्हणतात. हे चूक आहे, आणि का चूक आहे ते नववीच्या पुस्तकातच आहे. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. डोनाल्ड समोरच्या गार्डला, म्हणजे क्वार्टरबॅकची राखण करणाऱ्या भिंतीतल्या गड्याला, जेवढ्या बलाने ढकलतो, अगदी तेवढ्याच बलाने गार्ड डोनाल्डला ढकलत असतो. छातीला छाती भिडते तिथे दोघांची कायम बरोबरी असते. मग मागे कोण जातो? ज्याचे पाय आधी सुटतात तो. निकाल लागतो बुटाखाली, घर्षणावर.

आता घरातलं लोखंडी कपाट सरकवताना आपण काय करतो ते आठवा. नुसतं रेटलं तर ते हलत नाही. म्हणून एका बाजूने किंचित उचलून धरतो आणि मग ढकलतो. उचलल्यामुळे कपाटाचं काही वजन आपल्या हातांतून आपल्या पायांवर येतं. कपाटाचा जमिनीवरचा दाब कमी, म्हणून त्याचं घर्षण कमी. आपला दाब वाढतो, म्हणून आपले पाय जास्त घट्ट.

डोनाल्ड हेच माणसावर करायचा. सोपे आकडे घेऊन हिशेब मांडू. १४० किलोचा गार्ड जमिनीला साधारण १४०० न्यूटनने दाबतो, डोनाल्ड १२७० न्यूटनने. समजा डोनाल्डने खाली वाकून, पंजे गार्डच्या छातीखाली घालून, ढकलता ढकलता ३०० न्यूटन बल वरच्या दिशेनेही लावलं. गार्डचा जमिनीवरचा दाब उरला ११००. तिसऱ्या नियमाने तेच ३०० न्यूटन डोनाल्डच्या अंगावर खाली आले, त्याचा दाब झाला १५७०. वजनकाट्यावर तेरा किलोने हलका असलेला माणूस त्या क्षणी जमिनीला सत्तेचाळीस किलोने भारी झाला! घर्षणाची कमाल मर्यादा या दाबाच्या प्रमाणात असते, म्हणून आधी कोणाचे बूट घसरणार हे उघड आहे. (बुटाचे खिळे मातीत रुततात, त्यामुळे शाळेतलं घर्षणाचं सूत्र इथे काटेकोर लागू होत नाही. पण कल कोणाच्या बाजूने, ते बदलत नाही.)

शिवाय हे बल गार्डच्या गुरुत्वमध्याच्या वर लागतं, म्हणजे त्याच्या टाचांभोवती आघूर्ण तयार होतं, ज्याला इंजिनीअर टॉर्क म्हणतात. आघूर्ण म्हणजे बल गुणिले टेकूपासून बलाच्या रेषेचं लंब अंतर. गार्डच्या वजनाचं उलटं आघूर्ण अपुरं पडलं की तो मागे कलतो. कललेल्या माणसाला पाय रोवता येत नाहीत.

हे सगळं साधायचं तर समोरच्याच्या आधी त्याच्या खाली शिरावं लागतं. इथे बुटकेपणा कामाला येतो आणि वेगही. निवड चाचणीत डोनाल्ड ४० यार्ड, म्हणजे जेमतेम ३७ मीटर, ४.६८ सेकंदांत धावला होता. तेव्हा १२९ किलोच्या आसपास असलेला माणूस!

हेच आघूर्ण एक फसवणूकही उघडी पाडतं. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एक विक्रेता 'ऊर्जा संतुलन' देणारं रबरी कडं विकत होता. त्याने माझा हात बाजूला आडवा धरायला लावला, वरून दाबला, मी कललो. कडं घातल्यावर पुन्हा दाबला, मी ढिम्म. फरक कड्याचा नव्हता. पहिल्यांदा त्याने जोर खाली पण किंचित बाहेरच्या बाजूला लावला होता, दुसऱ्यांदा माझ्या पावलांच्या दिशेने. बलाची रेषा पावलांमधून गेली की आघूर्ण उरतच नाही. असली कडी जगभर गाजवणाऱ्या 'पॉवर बॅलन्स' कंपनीला ऑस्ट्रेलियात ग्राहक संरक्षण यंत्रणेपुढे मान्य करावं लागलं, की आपल्या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक आधार नाही. आजही मुलांच्या मनगटावर असली कडी दिसली की मला चीड येते. तेवढ्या पैशांत त्यांना खेळायला चांगले बूट येतील.

डोनाल्डचं संतुलन कुठून आलं? शाळकरी वयात वडील त्याला पहाटे साडेचारला उठवून तळघरातल्या वजनांपाशी न्यायचे. पुढे हातांच्या चपळाईसाठी त्याने खोट्या सुऱ्यांशी सराव केला. समोरच्याचा हात खांद्याजवळ झटकण्यापेक्षा मनगटापाशी झटकला तर कमी बल पुरतं, कारण खांद्यापासूनचं अंतर जास्त. इथेही आघूर्णच.

फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, रॅम्स २३-२० ने पुढे होते. मिनिटभरापेक्षा कमी वेळ उरलेला, आणि समोरच्या बेंगॉल्स संघाला चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात चेंडू फक्त एक यार्ड पुढे न्यायचा होता. डोनाल्ड गार्डला चुकवून आत शिरला, त्याने क्वार्टरबॅक जो बरोला धरून गरकन फिरवलं, चेंडू भलतीकडे पडला आणि रॅम्स जिंकले. भाच्याने पाठवलेली क्लिप हीच.

मी त्याला उलट लिहिलं, "हळू वेगात लाव. चेंडूकडे नको बघूस, समोरच्या गड्यांच्या टाचांकडे बघ."