पुडी ओळखीच्या हातूनच येते

ऑगस्ट 2023 मध्ये दापोली तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे अशा किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहत येऊन लागली. कस्टम आणि पोलिसांनी पुळण पिंजून काढली आणि दोनशे किलोंहून जास्त माल गोळा केला. त्या पावसाळ्यात वाडीवाडीत एकच बोलणे होते, विष समुद्रातून आले. माल समुद्रातून आला हे खरेच. पण गावातल्या पोराच्या हातात पहिली पुडी कोण ठेवतो, याचा पत्ता त्या पाकिटांवरून लागत नाही. ती ठेवणारा बहुतेक वेळा शाळेत एका बाकावर बसलेला असतो, नाहीतर क्रिकेटच्या टीममधला, मावसभाऊ, त्याच बोटीवरचा खलाशी.

ही गोष्ट मोजून पाहिली गेली आहे. शिकागोतल्या ज्या वस्त्यांमध्ये हेरॉइन पसरले होते, तिथे पॅट्रिक ह्यूज या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कुणी कुणाला पहिल्यांदा दिले याचा माग काढला. पटकीच्या साथीत कुणाकडून कुणाला लागण झाली हे शोधतात, तसाच. 1972 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. त्यातून दिसले की नशा नव्या माणसापर्यंत पोचवणारे मुख्यतः नुकतेच सुरू झालेले लोक असतात. बरीच वर्षे अडकलेला, खंगलेला गर्दुल्ला फारसा कुणाला ओढत नाही, कारण त्याच्याकडे बघूनच नवा मुलगा दूर पळतो.

गोवराचा रोगी अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून इतरांना लागण करतो. आई-वडिलांना काही दिसायच्या आतच वर्गातली मुले बाधित झालेली असतात. नशेचे हुबेहूब तसेच आहे. पहिल्या वर्षातला मुलगा तब्येतीने ठणठणीत असतो, बाइक चालवतो, कामावर जातो, आणि 'काही होत नाही रे, मला बघ' असे मनापासून सांगतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच अजून काही झालेले नसते.

असे का होते, ते मेंदूत पाहायला हवे. कोकणात आणि मुंबईत सध्या ज्याची सर्वांत जास्त धास्ती आहे ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन. नाकाने ओढले की काही मिनिटांत चढते, अर्ध्या-पाऊण तासात टोक गाठते आणि तास-दोन तासांत उतरते. ते मेंदूतल्या पेशींमधून डोपामिन आणि सेरोटोनिन ही रसायने एकदम बाहेर काढते आणि त्यांना परत आत जाऊ देत नाही. डोपामिनला लोक सुखाचे रसायन म्हणतात, पण त्याचे मुख्य काम वेगळे आहे. 'हे महत्त्वाचे आहे, पुन्हा कर' अशी खूण ते मेंदूत करून ठेवते. ती खूण फक्त पावडरीवर होत नाही. कोण सोबत होते, कुठला कट्टा, जेटीवरचा कुठला कोपरा, कुठले गाणे, ओढायला गुंडाळलेली हातातली नोट, सगळ्यांवर होते. महिन्यांनी त्याच कोपऱ्यावर गेले तरी तलफ उसळते ती यामुळे.

दुसरी गोष्ट सहनशक्तीची. डोपामिनचा असा पूर वारंवार आला की मेंदू ते ओळखणारे ग्राही कमी करतो. तेवढ्याच पावडरीने पूर्वीसारखे होत नाही, मग मात्रा वाढते. आणि याच ठिकाणी सेवन करणारा विकणारा होतो.

हिशेबापुरते आकडे घेऊ. एकाला नशेसाठी रोज पाचशे रुपये लागतात आणि त्याच्या हातात तीनशे उरतात. दोनशेची तूट भरायला तो दोन-तीन मित्रांसाठीही माल आणतो आणि प्रत्येकाच्या पुडीतून थोडे स्वतःला ठेवतो. तो स्वतःला पेडलर समजत नाही. 'मी फक्त आणून देतो' असे म्हणतो. सहा महिन्यांनी त्याची मात्रा दुप्पट झाली की हजार लागतात, कमाई मात्र तीनशेच, किंवा खाडे वाढल्यामुळे त्याहून कमी. आता तूट सातशेची. तेवढी भरायला दोन-तीन गिऱ्हाइके पुरत नाहीत, आठ-दहा लागतात. ती येणार कुठून? वाडीतूनच, नात्यातूनच. बाजार वाढवायला वरच्या व्यापाऱ्याला गावात पाय ठेवावा लागत नाही, ते काम पोराची वाढती मात्रा करते. पोलिसांनी त्याला उचलले की त्याच्या आठ गिऱ्हाइकांपैकी ज्याला वरचा नंबर माहीत असतो तो दोन दिवसांत त्या जागी येतो, कारण त्याचीही तलफ थांबत नाही. मोठा साठा आणि कारखाने पकडलेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण तळचा एक पोरगा आत गेला म्हणून गाव सुटले, असे मानणे ही फसगत आहे.

कोकणात या सगळ्याला समुद्राचे वेळापत्रक जोडलेले आहे. ट्रॉलरवरच्या खलाशाला फेरी संपली की वाटा एकरकमी हातात मिळतो, आणि ज्या जेटीवर तो उतरतो तिथेच देणारा उभा असतो. समुद्रावर झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांत मिळते. झोप उडवणारी कुठलीही गोष्ट तिथे औषध वाटते. एमडी शरीराचे तापमान आणि नाडी वाढवते, तहान-भूक मारते. ऑक्टोबरच्या उन्हात डेकवर जाळे ओढणाऱ्याला हा सरळ जिवाचा धोका आहे. छातीत धडधड, अंग तापून कोरडे, बडबड, कुणीतरी मारायला येतेय असा संशय अशी लक्षणे दिसली तर त्याला सावलीत आणायचे, ओल्या कापडाने अंग पुसायचे, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्यायचे आणि बोट किनाऱ्याकडे वळवायची. दारू देऊन झोपवायचा प्रयत्न करू नये.

घरात काय घडते त्यालाही एक क्रम असतो आणि तो ओळखता येतो. आधी खिशातले सुटे जातात. मग बाइकमधले पेट्रोल. मग ज्या वस्तू मोजून ठेवल्या जात नाहीत त्या: जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या, माळ्यावरचा तांब्याचा हंडा, पंपाची वायर. आईला पहिल्यांदा कळते ते बहुधा हंडा सणाला काढायला गेल्यावर. बोरमाळेची पाळी येते तोवर दीड-दोन वर्षे उलटलेली असतात. साथीच्या भाषेत सांगायचे तर लागण पसरवण्याचा काळ संपत आलेला असतो. उपचाराची धावपळ घरोघर या टप्प्यावर सुरू होते, म्हणजे सर्वांत उशिरा. नाकातून वारंवार रक्त, दात करकरणे, दोन रात्री टक्क जागून मग दीड दिवस सलग झोप, झपाट्याने उतरलेले वजन, ही एमडीची खूण हंड्याच्या कितीतरी आधी दिसते.

काही पालक औषधाच्या दुकानातून लघवी तपासायची पट्टी आणतात. ती निगेटिव्ह आली की निःश्वास सोडतात. साध्या पट्टीवर बऱ्याचदा मेफेड्रोन दिसतच नाही, ती गांजा, अफूवर्गीय पदार्थ वगैरे ठरावीक गोष्टींसाठी बनवलेली असते. उलट रोज गांजा ओढणाऱ्याची पट्टी त्याने सोडल्यावरही तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि प्रामाणिकपणे सोडलेल्या मुलावर घरचे खोटेपणाचा आळ घेतात.

मुंबईत मुलगा बिघडला की त्याला गावी आणून ठेवायची पद्धत जुनी आहे. तिच्यात विज्ञानही आहे. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकन सैनिक घरी परतले तेव्हा ली रॉबिन्स या संशोधिकेने त्यांचा पाठपुरावा केला. तिथे ज्यांना व्यसन जडले होते त्यांच्यापैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनी झाले ते साधारण पाच टक्के. ज्या जागांवर मेंदूने खुणा केल्या होत्या त्या जागाच मागे राहिल्या होत्या. म्हणून गाव उपयोगी पडते. पण दोन गोष्टी बिघडतात. मुलगा नवा असेल, अजून मजेच्या टप्प्यात असेल, तर तो मुंबईची साथ गावात घेऊन येतो, आणि चुलतभाऊ त्याच्याकडे कौतुकाने बघत असतात. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर घेणारा दोन-तीन महिने बाजूला राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते. मन मात्र जुनी मात्रा विसरत नाही. परत गेल्यावर पूर्वीचीच पुडी घेतली तर श्वास बंद पडू शकतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे याच कारणाने सर्वांत धोक्याचे असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि खलाशी घरी जातात. गर्द घेणारा त्यांच्यात असेल, तर बंदीनंतरची ऑगस्टमधली पहिली पुडी अशीच जिवावर बेतू शकते.

गर्दच्या अतिमात्रेची लक्षणे पाठ असावीत. हाक मारून, छातीच्या हाडावर मुठीने जोरात चोळूनही माणूस जागा होत नाही. श्वास मिनिटाला आठ-दहाहून कमी, घोरल्यासारखा. ओठ, नखे निळसर. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. लगेच 108 ला फोन करावा. श्वास थांबत असेल तर डोके मागे करून, नाक दाबून, तोंडाने दर पाच-सहा सेकंदांनी एक श्वास द्यावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. मिठाचे पाणी, लिंबू, ताक काहीही तोंडात ओतू नये. दवाखान्यात नालोक्सोनचे इंजेक्शन देतात. दोन-चार मिनिटांत माणूस डोळे उघडतो आणि घरी जातो म्हणतो. जाऊ देऊ नये. नालोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, गर्द त्याहून जास्त वेळ रक्तात असू शकते, आणि श्वास पुन्हा बंद पडू शकतो. डॉक्टरला काय घेतले ते खरे सांगावे, लाजेने 'चक्कर आली' म्हटले की मोलाची मिनिटे जातात.

गर्द थांबवल्यावर जे होते त्याला केंद्रांमध्ये 'टर्की' म्हणतात. शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांनी जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस: हाडे मोडल्यासारखी दुखतात, उलट्या, जुलाब, झोप नाही. आठवड्याभरात शरीर निवळते. तरुण माणूस यात सहसा मरत नाही, पण पाणी कमी पडले तर मरू शकतो. त्याला खोलीत कोंडून 'निघू दे सगळे' म्हणणे म्हणूनच चूक आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला कोंडणे तर त्याहून घातक. त्याला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम, थरथर, ताप, ज्यात मृत्यूही होतो. झोपेच्या गोळ्या एकदम बंद केल्यावरही फिट येते. एमडीची टर्की वेगळी दिसते: प्रचंड झोप, भूक आणि खोल उदासी. त्या आठवड्यात आत्महत्येचा विचार येतो, त्या मुलाला एकटे सोडू नये.

गर्दवर औषध आहे आणि चांगले आहे. बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली पाच-दहा मिनिटे विरघळू द्यायची असते, गिळली तर जवळजवळ वाया जाते. टर्कीची लक्षणे सुरू झाल्यावरच पहिली गोळी देतात. घाईने आधी दिली तर ती गर्दला मेंदूतल्या जागेवरून ढकलते आणि तीव्र टर्की एकदम उभी राहते. मग घरचे म्हणतात, औषधाने आणखी बिघडला. 'एक नशा सोडून दुसरी' हा आक्षेपही नेहमीचा आहे, पण या गोळीवर माणूस कामावर जातो, हंडा विकत नाही आणि गिऱ्हाईक शोधत नाही. एमडीवर असे औषध अजून नाही, तिथे समुपदेशन, झोपेची घडी आणि रोजचे काम यावरच भर असतो. जाहिराती बघून जेवणात गुपचूप औषध कालवू नये. दारू तोडण्याची डायसल्फिराम अशी नकळत दिली आणि माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळतो. ग्रामदेवतेला गाऱ्हाणे जरूर घालावे, त्याने घर धीर धरते. मात्र डॉक्टरची तारीख त्यासाठी चुकवू नये.

केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधी ना कधी दाखल होऊन उपचार मिळाल्याचे दिसले. घाटापलीकडे पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण सुरू झाले, कोकणात रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. साखळीने बांधणाऱ्या केंद्रात मुलाला ठेवू नये, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने साखळी साफ बंद केली आहे.

घरचे गप्प बसतात ते पोलिसांच्या भीतीने. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64ए नुसार सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढले जाऊ शकते. मेफेड्रोनची अल्प मात्रा 2 ग्रॅमपर्यंत आहे, व्यापारी मात्रा 50 ग्रॅमपासून. आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वजन भेसळीसकट धरायचे. मित्रांसाठी 'फक्त आणून देणाऱ्या' मुलाच्या खिशात चार जणांच्या पुड्या असतात, भेसळ धरून त्या 2 ग्रॅमच्या वर सहज जातात, आणि मग शिक्षा दहा वर्षांपर्यंत पोचू शकते. हे त्याला पहिल्या वर्षातच, त्याच्याच वयाच्या कुणीतरी सांगायला हवे. ह्यूजच्या गटाने वस्तीत तेच केले होते, नव्याने लागण झालेल्यांना मित्रांच्या साखळीतून शोधून उपचारात आणले होते.

खलाशाच्या बाबतीत डॉक्टरला पहिल्याच भेटीत कामाचे स्वरूप सांगावे. बुप्रेनॉर्फिन सुरुवातीला रोज केंद्रावर, समोर घ्यावे लागते, आणि आठ-दहा दिवस समुद्रात असणाऱ्याला ते जमत नाही. पहिले काही महिने संध्याकाळी परतणाऱ्या छोट्या होडीवर काम मिळाले आणि वाटा रोख हातात न देता बायकोच्या किंवा आईच्या खात्यात जमा झाला, तर गोळीही चुकत नाही आणि जेटीवर उभा असलेल्याला द्यायला खिशात काही राहत नाही. ही सोय तांडेल, म्हणजे बोटीवरचा प्रमुख, आणि बोटमालक करू शकतात, 1 ऑगस्टच्या आधी.