गुदाशयाचा कर्करोग : दुर्बिणीची व पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, सुमारे १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग. तिथली कर्करोगाची गाठ काढताना एक तर पोटावर लांब उभा छेद घेतात, किंवा चार-पाच लहान छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत घालतात. या दुसऱ्या पद्धतीला मराठवाड्यात सर्रास ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतात. कापलेला भाग बाहेर काढायला त्यातही बहुधा एक छोटा छेद घ्यावाच लागतो.

आतले काम मात्र दोन्हींत तेच. गुदाशयाभोवती मेदाचे आवरण असते आणि त्यात लसिकाग्रंथी, म्हणजे कर्करोग ज्यांत पसरू शकतो अशा बारीक ग्रंथी असतात. हे आवरण गाठीसकट अखंड निघावे लागते. ब्रिटिश शल्यविशारद बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये हे तंत्र मांडले. त्यानंतर त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण बरेच घटले. शस्त्रक्रियेचा खरा कस इथे लागतो. पोटावरची खूण किती लांब, ही दुय्यम बाब आहे.

आठ देशांतील ३० रुग्णालयांत झालेल्या ‘कलर २’ चाचणीत १,०४४ रुग्णांची तुलना झाली. दुर्बिणीच्या गटात रक्तस्राव निम्मा, म्हणजे ४०० ऐवजी २०० मिलिलिटर होता. शस्त्रक्रियेला मात्र सुमारे ५० मिनिटे जास्त लागली. तीन वर्षांनी त्याच भागात रोग उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत ५ टक्के निघाले. कोरियातील चाचणीचा कौलही असाच होता. पण २०१५ मध्ये अमेरिका व ऑस्ट्रेलियातील दोन चाचण्यांत, काढलेल्या नमुन्याच्या दर्जाबाबत, म्हणजे गाठीचा भाग पुरता व अखंड निघाला का याबाबत, दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेइतकीच चांगली असल्याचे सिद्ध झाले नाही. त्याच रुग्णांच्या दोन वर्षांनंतरच्या प्रकृतीत ठळक फरक दिसला नाही, तरी हा इशारा हलका मानू नये. अरुंद कटिर (ओटीपोटाच्या तळाचा हाडांचा पोकळ भाग), विशेषतः पुरुषांचे, खूप खाली असलेली मोठी गाठ किंवा स्थूलपणा असेल तर दुर्बिणीने काम अवघड होते. अशा वेळी मध्येच पोट उघडण्याचा निर्णय घेणे हे शल्यविशारदाचे अपयश नव्हे. रुग्णाच्या हिताचा तो निर्णय असतो. लघवी व लैंगिक क्रियेच्या नसा याच जागेतून जातात, त्यामुळे दोन्ही पद्धतींत हात सरावलेला हवा.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून चालू आहे. भूम-परांड्याकडचे रुग्ण जवळच्या बार्शीला जातात. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासूनची असून तिच्या क्षेत्रात हे दोन्ही तालुके येतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. शेतात राबणाऱ्या माणसाला लवकर हिंडता-फिरता येणे हा दुर्बिणीचा मोठा आधार. परंतु संडासवाटे पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून महिनोन्‌महिने गावठी औषध घेतले, तर पद्धत निवडण्याची मुभाच कमी होत जाते. डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने केलेली साधी तपासणी खालच्या भागातील बऱ्याच गाठी हाताला लावून देते. ती टाळू नये.

‘दुर्बिणीने केलं तर पोटावर पिशवी लागणार नाही’ हा समज चुकीचा आहे. ही पिशवी म्हणजे आतड्याचे तोंड पोटावर काढून मल गोळा करण्यासाठी लावलेली पिशवी. कायमची पिशवी लागेल का, हे गाठ गुदद्वारापासून किती वर आहे आणि तिथले स्नायू वाचवता येतात का, यावर ठरते. आतड्याच्या खालच्या जोडणीला भरून येण्यास वेळ मिळावा म्हणून लावलेली तात्पुरती पिशवी बहुतेकदा काही महिन्यांनी बंद करतात.